झाकायचे तर पुरते झाका

३१ ऑक्टोबर २०२६ ला नाशिक-त्र्यंबकेश्वरात सिंहस्थाचे ध्वजारोहण आहे आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमृतस्नानाच्या तीन पर्वण्या आहेत. त्या दिवसांत रामकुंडाभोवती जेवढी माणसे असतील, जवळजवळ तेवढेच कॅमेरेही असतील. गोदाघाटावरच्या फोटोंत लोकांचे चेहरे झाकावेत की नाहीत, हा वाद त्यामुळे आपल्याकडे वाढत जाणार. पण तो ज्या पद्धतीने घातला जातो ती पद्धतच मला चुकीची वाटते. एक बाजू म्हणते, घाट सार्वजनिक आहे, तिथे आलेला माणूस दिसणारच. दुसरी बाजू म्हणते, सरसकट सगळे चेहरे ब्लर करा, म्हणजे प्रश्न मिटला. भांडणाऱ्या या दोघांचे एका गोष्टीवर मात्र एकमत आहे: चेहरा ब्लर केला की माणूस लपतो. हे एकमतच चुकीचे आहे आणि त्याची किंमत फोटोतल्या माणसाला मोजावी लागते.

माझे म्हणणे असे. बहुतेक फोटोंत चेहरा झाकायची गरज नसते, आणि ज्यांत असते त्यांत नुसत्या ब्लरने भागत नाही. झाकायचे तर ओळख पटणारच नाही इतके झाकावे. तेवढे जमणार नसेल तर तो फोटो बाहेर सोडू नये. शिवाय त्या फोटोने ज्याच्या जिवाला, अब्रूला किंवा पोटाला धक्का लागू शकतो, त्याला विचारल्याशिवाय यातले काहीच ठरवू नये. अर्धवट ब्लर हा दोन टोकांमधला सुवर्णमध्य आहे असे समजणे घातक आहे. फोटो टाकणारा त्यामुळे निर्धास्त होतो आणि फोटोतला माणूस उघडाच राहतो.

आधी समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ. सार्वजनिक जागी कोणाला कोणी पाहावे यावर बंदी घालता येत नाही आणि घालूही नये. रस्ता, बाजार, घाट, मोर्चा हे सगळे डोळ्यांसमोर घडते. त्याचे चित्रण करणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. पत्रकाराला प्रत्येक चेहऱ्याची लेखी संमती मागायला लावली तर उद्या लाठीमाराचा फोटोही निघणार नाही. हे सगळे मला मान्य आहे. पण यात पाहणे, टिपणे आणि शोधणे या तीन वेगळ्या क्रिया एकाच शब्दात गुंडाळल्या जातात. घाटावर हजारो लोकांनी एखाद्या बाईला पाहिले, तरी त्यातल्या कोणालाही तिचे नाव माहीत नसते आणि संध्याकाळपर्यंत तिचा चेहराही आठवत नाही. गर्दीत माणसाला जे संरक्षण मिळते ते या विसरण्यातून. फोटो ते विसरणे थांबवतो. आणि चेहऱ्यावरून इंटरनेटभर त्याच माणसाचे इतर फोटो शोधून देणाऱ्या सेवा निघाल्यापासून चेहरा हा नावगाव उघडणारी किल्ली झाला आहे. रशियात २०१६ सालीच अशी एक सेवा सर्वसामान्यांच्या हातात आली होती. १८९० मध्ये अमेरिकेतल्या दोन वकिलांनी 'एकटे राहू देण्याचा हक्क' मांडला, त्यामागे हातात मावणारा, झटकन फोटो काढणारा कॅमेरा होताच. पाहण्याची पद्धत बदलली की हक्काची व्याख्याही बदलावी लागते, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

हे सारे पुस्तकी वाटत असेल तर प्रयागराज आठवावे. २०२५ च्या महाकुंभात स्नान करणाऱ्या आणि कपडे बदलणाऱ्या स्त्रियांचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकले गेले, विकायलाही निघाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांना त्याबद्दल गुन्हे नोंदवावे लागले. त्या स्त्रिया सार्वजनिक जागीच होत्या. म्हणून ते चित्रण योग्य ठरले का? कायदाही इथे थोडा अडखळतो. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ स्त्रीच्या खासगी कृतीचे चोरून चित्रण करणे गुन्हा ठरवते, पण आपल्याला कोणी पाहणार नाही अशी जिथे अपेक्षा असते तिथल्या कृतीपुरते. कपडे बदलण्याची आडोशाची खोली त्यात सरळ बसते. उघड्या घाटावरच्या स्नानाबद्दल वकील दोन्ही बाजूंनी वाद घालू शकतील. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा एखाद्याने खासगी किंवा घरगुती कारणासाठी ठेवलेल्या माहितीला लागूच होत नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला खरा, पण तो हक्क घाटावर उभ्या असलेल्या हौशी फोटोग्राफरच्या बोटापर्यंत अजून पोहोचलेला नाही. तोपर्यंत आपला विवेकच कामी येणार. स्नानाचा फोटो ब्लर करून टाकावा का, या प्रश्नाला माझे उत्तर सरळ आहे: ओल्या कपड्यातल्या अनोळखी बाईचा जवळून घेतलेला फोटो काढूच नये. चेहऱ्यावर धूसर पट्टा मारून शरीर तेवढे दाखवणे हा तर तिचा दुहेरी अपमान आहे.

आता दुसरे टोक. सगळेच चेहरे झाका म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यांना हे दिसत नाही की चेहरा दाखवणे हीच अनेकदा माणसाची मागणी असते. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ज्यांची सावलीही नको म्हटली जात होती, ती माणसे दिवसाढवळ्या मंदिराच्या दारात येऊन उभी राहिली. आम्ही आहोत, आम्हाला पाहा, हेच त्या सत्याग्रहाचे म्हणणे होते. त्यांचे चेहरे 'संरक्षणासाठी' पुसून टाकणारा इतिहास कोणाच्या बाजूचा ठरला असता? पण त्याच सत्याग्रहाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. त्यात उतरलेल्यांना जिल्ह्यातल्या गावांत त्रास झाला, वाटा अडवल्या गेल्या, दुकानांतून माल नाकारला गेला. दिसण्याची किंमत होती, आणि ती मोजायची की नाही हे ठरवणारे ते स्वतः होते. माझा सगळा भर या शेवटच्या वाक्यावर आहे.

याच्या उलटही घडलेले आहे. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारच्या आश्रयाने हिंदुस्थानातल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे आठ खंड निघाले. त्यातल्या माणसांचे चेहरे स्वच्छ दिसतात, पण ते नमुने म्हणून: ही अमुक जात, हा तिचा स्वभाव. त्याच दशकात, १८७१ ला, काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा आला आणि तो १९५२ पर्यंत टिकला. चेहरा उघडा ठेवल्याने माणसाचा सन्मान आपोआप होत नाही, आणि झाकल्याने आपोआप अपमानही होत नाही. नाशिकच्या सीबीएस चौकातून मार्च २०१८ मध्ये निघालेल्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चची ओळख ज्या फोटोंनी देशाला पटली, त्यांत फोड आलेल्या, सोललेल्या तळव्यांचे फोटो होते. त्यांत चेहरा नव्हता, आणि त्यावाचून काही अडलेही नाही. लाल टोप्यांखालचे शेकडो चेहरेही त्याच मोर्चात अभिमानाने कॅमेऱ्याकडे पाहत होते. दोन्ही फोटो योग्य होते.

मग जिथे झाकणे खरोखर गरजेचे आहे तिथे ब्लर का चालत नाही? कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, तसेच इथे होते, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मोझेक, म्हणजे चेहऱ्याचे चौकोनी तुकडे करणे, ही माहिती पुसत नाही. प्रत्येक चौकोनातल्या रंगांची सरासरी काढून तीच तिथे ठेवते. १९७३ साली बेल लॅबमधल्या लिऑन हार्मन आणि बेला ज्युलेझ यांनी अब्राहम लिंकनच्या चित्राचे असे मोठे चौकोन करून दाखवले. जवळून पाहिले तर नुसते ठोकळे दिसतात, पण दूर गेले किंवा डोळे बारीक केले की लिंकन समोर उभा राहतो. चौकोनांच्या कडा डोळ्याला फसवतात, आणि त्या कडा पुसट झाल्या की आतला चेहरा वर येतो. हा प्रयोग कोणालाही घरी करता येईल: मोझेक केलेला ओळखीचा चेहरा मोबाइलवर अगदी लहान करून पाहावा. चेहऱ्याच्या रुंदीत पंधरा-वीस चौकोन पडत असतील तर ओळखणारा ओळखतोच. मोबाइलमधल्या बऱ्याच ॲपमध्ये बोट एकदा फिरवल्यावर पडणारा मोझेक साधारण एवढाच असतो.

हे झाले माणसाच्या डोळ्याचे. यंत्राला तर डोळे बारीक करायचीही गरज नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले की मोझेक केलेले आणि व्हिडिओच्या संकेतस्थळांवर मिळणाऱ्या तयार ब्लरने झाकलेले चेहरेसुद्धा शिकवलेले संगणक ओळखू शकतात. यामागची युक्ती साधी आहे. झाकलेला चेहरा परत उघडावा लागत नाही. संशयित शंभर जणांचे फोटो त्याच पद्धतीने ब्लर करायचे आणि कोणता जुळतो ते पाहायचे. चेहरा भोवऱ्यासारखा पिळवटून टाकणे तर याहून कच्चे. २००७ मध्ये मुलांवर अत्याचार करणाऱ्या एका गुन्हेगाराने स्वतःचा चेहरा असाच पिळवटला होता. जर्मन पोलिसांनी तो पीळ उलटा फिरवला, इंटरपोलने चेहरा जगासमोर ठेवला आणि तो थोड्याच दिवसांत थायलंडमध्ये पकडला गेला. तो पकडला गेला हे फार चांगले झाले. पण गणित गुन्हेगार आणि साक्षीदार असा भेद करत नाही. जो पीळ पोलिसांना उलगडता येतो तो गुंडालाही येतो.

याच्या नेमके उलटे संकटही आहे आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. धूसर फोटो 'स्पष्ट' करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हरवलेली माहिती परत आणत नाहीत, अंदाजाने नवी भरतात. २०२० मध्ये अशाच एका साधनाला बराक ओबामांचा मोझेक केलेला फोटो दिला तेव्हा त्यातून एका गोऱ्या माणसाचा चेहरा बाहेर आला. आता असा विचार करा: एखाद्या भांडणाच्या व्हिडिओतला ब्लर केलेला चेहरा कोणीतरी 'उघडला', तो भलत्याच माणसासारखा निघाला, आणि रात्रीतून गल्लीतल्या ग्रुपवर फिरला. अर्धवट ब्लरने मूळ माणूस वाचला नाहीच, वर एक निर्दोष माणूसही गोवला गेला. भरीव काळ्या चौकोनातून यंत्राला अंदाज बांधायला धागाच मिळत नाही.

म्हणून पद्धत सांगतो, कारण या वादात ती कोणी सांगत नाही. पहिले पाऊल क्रॉपचे. चेहरा कातरून फोटो सांगायचे ते सांगत असेल तर कातरावा आणि तिथेच थांबावे. चेहरा चौकटीत राहणारच असेल तर त्यावर भरीव, अपारदर्शक आकार ठेवावा: केसांच्या रेषेपासून हनुवटीखालपर्यंत, दोन्ही कान धरून. वर्तमानपत्रांत पूर्वी डोळ्यांवर मारली जाणारी काळी पट्टी निरुपयोगी होती, कारण जबडा, ओठ, केस आणि कान उघडेच राहत. मोबाइलमधला हायलायटर वापरू नये. तो काळा दिसला तरी अर्धपारदर्शक असतो, आणि फोटोचा उजळपणा वाढवला की खालचे दिसू लागते. मुलांच्या चेहऱ्यावर पालक ईमोजीचा स्टिकर लावतात त्याला अनेक जण नावे ठेवतात, पण पूर्ण चेहरा झाकणारा भरीव स्टिकर ब्लरपेक्षा कधीही चांगला. भरीव आकार डोळ्याला खुपत असेल तर आधी चेहऱ्यावर कातडीच्या रंगाचा भरीव ठिपका ठेवावा आणि मग त्या ठिपक्याला ब्लर करावे. दिसायला ब्लर, पण खाली काहीच उरलेले नाही. बातमीच्या फोटोत मात्र एक पथ्य पाळावे: संगणकाने बनवलेला दुसराच चेहरा चिकटवू नये. झाकले आहे हे वाचकाला दिसले पाहिजे, नाहीतर तो खोटा फोटो होतो.

झाकल्यावर ते फाइलमध्ये पक्के करायचे असते, आणि बहुतेकांचे घोडे इथेच अडते. आयफोनमधला संपादित फोटो केव्हाही मूळ रूपात परत नेता येतो, कारण मूळ फोटो आत जपलेला असतो. पीडीएफमध्ये फोटोवर काळा चौकोन ठेवला तर तो बऱ्याचदा वेगळा थर म्हणून राहतो, उचलला की खालचे सगळे उघडे. वर्ड आणि पॉवरपॉइंटमध्ये क्रॉप केलेल्या चित्राचा कापलेला भाग फाइलमध्येच दडलेला राहतो, तो मुद्दाम काढून टाकावा लागतो. मार्च २०२३ मध्ये तर गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या संपादन साधनात असा दोष सापडला की क्रॉप केलेल्या स्क्रीनशॉटचा कापलेला भाग नंतर परत मिळवता येत होता. म्हणून सर्वांत साधा आणि बऱ्यापैकी खात्रीचा उपाय हा: झाकलेला फोटो पडद्यावर पूर्ण उघडावा, त्याचा नवा स्क्रीनशॉट घ्यावा आणि तोच पाठवावा. थर सपाट होतात, आणि फोटो कुठे, कधी, कोणत्या फोनने काढला ही दडलेली माहितीही गळते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ती माहिती गळते, पण तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जशीच्या तशी जाते, अक्षांश-रेखांशासकट. चांगली प्रत मिळावी म्हणून कार्यकर्ते आणि बातमीदार डॉक्युमेंट म्हणूनच पाठवतात, ही यातली मेख.

एवढे करूनही चेहरा हा ओळखीचा फक्त एक भाग आहे. कोणापासून लपवायचे आहे, हे विचारल्याशिवाय काय लपवायचे ते ठरत नाही. घर सोडून आलेल्या बाईला परदेशातल्या संगणकापासून नव्हे, दिरापासून लपायचे असते. आणि दिराला चेहरा लागत नाही. हातावरचे गोंदण, ठरावीक काठाची साडी, चालण्याची ढब, मागे उभी असलेली एमएच १५ ची गाडी, दुकानाची पाटी, मुलाच्या गणवेशावरचा बिल्ला, चष्म्याच्या काचेतले प्रतिबिंब यांतले काहीही त्याला पुरते. आपला कायदा या बाबतीत आपल्या सवयींपेक्षा शहाणा आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचारासंबंधीच्या पोक्सो कायद्याचे कलम २३ माध्यमांना नुसता फोटो देऊ नका म्हणून थांबत नाही. नाव, पत्ता, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार आणि ओळख उघड होईल असा कोणताही तपशील देऊ नका, असे ते बजावते. तरीही अमुक तालुक्यातल्या अमुक आश्रमशाळेतल्या आठवीच्या मुलीवर, असे छापून खाली चेहरा ब्लर केलेला फोटो दिला जातो. आठवीत किती मुली असतात? गावाला नाव कळायला वेळ लागत नाही, आणि तो ब्लर फक्त बातमीदाराच्या समाधानापुरता उरतो.

सगळ्यांत जास्त घात होतो तो दुसऱ्या फोटोमुळे. एका फोटोत चेहरा नीट झाकलेला असतो, पण त्याच कार्यक्रमाच्या अल्बममध्ये, त्याच साडीतली, त्याच खुर्चीवरची ती बाई अकराव्या फोटोत उघडी असते. किंवा झाकलेला फोटो बातमीत जातो आणि मूळ फोटो आधीच चार ग्रुपवर पोहोचलेला असतो, प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आपोआप उतरलेला. बॅकअप चालू असेल तर फोटोची मूळ प्रत आपोआप क्लाउडवर जाते, आणि फोनमधून पुसली तरी कचरापेटीत राहते: आयफोनमध्ये ३० दिवस, गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेली असेल तर ६० दिवस. म्हणून झाकण्याचा निर्णय फोटो काढण्याआधी घ्यायचा असतो. पाठीमागून काढा, प्रकाशाच्या विरुद्ध उभे करून नुसती आकृती घ्या, हात टिपा. कॅमेऱ्यात चेहरा आलाच नाही तर नंतर पुसायची वेळ येत नाही.

व्हिडिओचे दुखणे आणखी वेगळे. चेहऱ्याच्या मागे आपोआप फिरणारा ब्लर मान वळली, पदर ओढला किंवा समोरून कोणी गेले की दोन-चार फ्रेमपुरता सुटतो. चालत्या व्हिडिओत ते जाणवत नाही, पण तिथे थांबवून स्क्रीनशॉट घेणाऱ्याला तेवढेच हवे असते. पाव वेगाने शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय असा व्हिडिओ सोडू नये. आणि आवाज? आवाज जाड किंवा बारीक करणे हा पिळवटलेल्या चेहऱ्याइतकाच कच्चा उपाय आहे, तो उलटा फिरवता येतो. माणसाचे शब्द दुसऱ्याच्या तोंडून म्हणवून घ्यावेत, आणि त्यातली गावची लकब, नात्यांची नावेही गाळावीत.

आता ज्या मुद्द्यावर वाचकांचा राग ओढवून घ्यावा लागणार आहे तो. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिक पोलिसांनी पकडलेल्या संशयितांकडून 'नाशिक जिल्हा कायद्याचा बालेकिल्ला' असे वदवून घेतलेले व्हिडिओ राज्यभर फिरले. गुंडगिरीला विटलेल्या लोकांनी त्यांना दाद दिली आणि त्या दादेमागचा संताप खरा होता. ज्याने दहशत घातली त्याची दहशत सगळ्यांसमोर उतरावी, त्याचा चेहरा कशाला झाकायचा, हा प्रश्न सोपा नाही. पण आरोपीचा चेहरा झाकण्याची पद्धत त्याच्या मानासाठी पडलेली नाही, ती खटल्यासाठी आहे. साक्षीदाराने आरोपीला ओळख परेडमध्ये ओळखायचे असते. त्याआधी तोच चेहरा त्याने मोबाइलवर वीसदा पाहिलेला असेल तर ओळख गुन्ह्याच्या जागेवरून पटली की व्हिडिओवरून, हा प्रश्न बचावाचा वकील विचारणारच, आणि न्यायालय तो ऐकणारच. आज उघडा दाखवलेला चेहरा उद्या आरोपीच्या सुटकेचे कारण ठरू शकतो. शिवाय पकडलेल्यांतला एखादा पुढे निर्दोष सुटला तर त्याचा व्हिडिओ मागे कोण घेणार? आणि त्यातला कोणी अठराच्या आतला निघाला, तर बाल न्याय कायद्याचे कलम ७४ त्याची ओळख उघड करणे हाच गुन्हा ठरवते. १८७१ च्या कायद्याने ज्यांच्या आज्यापणज्यांना जन्मतः चोर ठरवले होते ती कुटुंबे आजही याच जिल्ह्यात राहतात. आरोप म्हणजे शिक्षा, हे त्यांच्या वाट्याला एकदा येऊन गेलेले आहे.

वाटपाच्या फोटोंबद्दल मात्र माझ्या मनात कसलीच दुविधा नाही. सुरगाणा, पेठ, इगतपुरीकडच्या पाड्यांवर घोंगड्या, वह्या, फराळ वाटला जातो. देणारे ओळीने उभे, मध्ये एक म्हातारी, तिच्या हातात घोंगडी, आणि सगळ्यांचे तोंड कॅमेऱ्याकडे. अलीकडे काही संस्था घेणाऱ्यांचे चेहरे ब्लर करू लागल्या आहेत. हेतू चांगला, पण परिणाम असा की चौकटीत नावगाव असलेले फक्त देणारे उरतात आणि घेणारी माणसे धूसर ठिपके होतात. देणगीदाराला हिशेब द्यायचा असेल तर घोंगड्यांच्या गठ्ठ्याचा फोटो, बिलाची प्रत आणि सही-अंगठ्याची यादी संस्थेच्या दप्तरात पुरते. ती यादीही बाहेर फिरवायची नसते. आणि त्या म्हातारीला आपला फोटो यावा असे वाटत असेल तर तो नावासकट, तिला आवडेल तसा यावा. मात्र विचारायचे ते वाटप संपल्यावर. घोंगडी हातात पडण्याआधी मागितलेल्या होकाराला संमती म्हणता येत नाही, कारण नाही म्हटले तर घोंगडी मिळेल याची तिला खात्री नसते.

हे सगळे प्रत्यक्षात शक्य आहे का, हा शेवटचा आणि रास्त आक्षेप. पर्वणीच्या दिवशी लाखोंच्या गर्दीत कोणाकोणाला विचारणार? उत्तर चेहऱ्याच्या आकारात आहे. पासपोर्टच्या फोटोसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात दोन डोळ्यांच्या मध्ये किमान ९० पिक्सेल अंतर मागितलेले असते. यंत्रे त्याहून कितीतरी कमीवरही काम करतात, पण साऱ्या घाटाच्या विस्तीर्ण फोटोत एकेक चेहरा दहा-पंधरा पिक्सेलचा असेल तर तो गर्दीचा फोटो आहे, तिथे विचारायचे कारण नाही. लांबच्या लेन्सने एकाच चेहऱ्यावर थांबलात की ते व्यक्तिचित्र झाले, आणि एका माणसाला विचारायला अर्धा मिनिटही लागत नाही. गर्दीचा फोटो टाकतानाही त्याची मूळ, प्रचंड आकाराची फाइल टाकू नये. लांब बाजू दोन हजार पिक्सेलपर्यंत खाली आणली की बहुतेक अनोळखी चेहरे आपोआप सुटतात. गूगलची स्ट्रीट व्ह्यू सेवा जुलै २०२२ मध्ये भारतात ज्या दहा शहरांत सुरू झाली त्यांत नाशिक होते, आणि तिथे चेहरे व गाड्यांचे क्रमांक यंत्रच ब्लर करते. रस्त्याच्या नकाशात कोणाच्या जिवाचा प्रश्न नसतो तिथे एवढे चालून जाते. तोच यांत्रिक ब्लर पीडितेच्या मुलाखतीला लावणे ही माझी तक्रार आहे.

पोलिसांच्या आणि प्रशासनाच्या कॅमेऱ्यांनाही हाच न्याय लागू करावा लागेल. २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. गर्दी मोजणारे, दाटी वाढली की इशारा देणारे कॅमेरे लागावेत, याला कोणीही शहाणा माणूस विरोध करणार नाही. पण डोकी मोजायला चेहरे ओळखावे लागत नाहीत. दाटीचे गणित धूसर चित्रावरही होते. तेव्हा गर्दीचे चित्रण आणि चेहरे ओळखणारी यंत्रणा वेगवेगळ्या ठेवाव्यात, दुसरी कोणाच्या लेखी आदेशाने चालू होते ते जाहीर करावे, आणि पर्वण्या संपल्यावर साठवलेले चेहरे कोणत्या तारखेला पुसणार ती तारीख आधीच छापावी. नाशिककरांनी हे ध्वजारोहणाच्या आधी मागायला हवे, कारण यंत्रणा बसवून झाल्यावर तिचे नियम बदलायला कोणाला सवड नसते.

हरवले-सापडले केंद्र हा मात्र खरा अपवाद. हरवलेल्या लेकराचा चेहरा झाकून त्याला शोधता येत नाही. तिथे फोटो मोठा, स्वच्छ आणि जितका फिरेल तितका चांगला. मात्र तो फिरवताना त्यावरच तारीख, वेळ आणि केंद्राचा क्रमांक लिहावा, आईबापांचा खासगी नंबर लिहू नये. आणि मूल सापडले की त्याच फोटोवर 'सापडले' असे ठळक लिहून तो त्याच ग्रुपवर पुन्हा पाठवावा, मूळ संदेश सर्वांसाठी पुसावा. हे दुसरे काम आज कोणीच करत नाही. वर्षानुवर्षे तोच फोटो फिरत राहतो, मूल मोठे होते, शाळेत जाते, आणि वर्गातल्या कोणाच्या तरी मोबाइलवर ते अजून हरवलेलेच असते. त्या मुलाच्या बाबतीत पोक्सोचा गुन्हा नोंदला गेला असेल तर कालपर्यंत मदत म्हणून फिरवलेला तोच फोटो आज कलम २३ चा भंग ठरू शकतो. म्हणून केंद्रावर जसा फोटो लावणारा स्वयंसेवक असतो, तसाच तो उतरवणाराही नेमावा, आणि त्याच्याकडे त्या दिवशी लावलेल्या सगळ्या फोटोंची यादी असावी.